महाराष्ट्रात आकाशविद्या घरोघर कशी पोहोचली

स्मरणिकेतील इतिहासविषयक लेख म्हटला की मूळ गावे, कुलदैवते, आडनावांची उत्पत्ती आणि पूर्वजांची स्थलांतरे यांची चर्चा वाचकांस अपेक्षित असते. तो विषय महत्त्वाचा आहेच, आणि त्यावर अधिकारी लेखकांनी वेळोवेळी लिहिले आहे. यंदा मात्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींसमोर एका निराळ्या वारशाचा इतिहास मांडू इच्छितो. हा वारसा कोणत्याही एका कुळाच्या नावावर नोंदलेला नाही. रोज रात्री तो प्रत्येकाच्या अंगणावर पसरलेला असतो. ग्रहताऱ्यांची विद्या महाराष्ट्रात कोणी जतन केली, ती किती काळ थोड्यांच्याच हाती राहिली, आणि सामान्य गृहस्थाच्या व त्याच्या मुलाबाळांच्या हाती ती देण्यासाठी कोणी कष्ट घेतले, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. ज्योतिष हा शब्द कानी पडताच पत्रिका, गुणमेलन आणि भविष्यकथन यांकडे मन धावते. त्या विषयाशी प्रस्तुत लेखाचा संबंध नाही. ग्रहांची गती मोजणे, ग्रहणाची वेळ काढणे, नक्षत्रे ओळखणे आणि या साऱ्यांची कारणे समजून घेणे, या विद्येलाच आम्ही येथे आकाशविद्या म्हणत आहोत.

पाटणचा मठ आणि पळीभर तेल

खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचे स्थान आहे. तेथील देवीच्या मंदिरातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ इ. स. ११५० मध्ये रचणारे थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापन केला. त्या मठास निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिक राजाने इ. स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान दिले, असे या लेखावरून समजते. आकाशविद्येच्या अध्ययनासाठी निघालेल्या शाळेचा इतका स्पष्ट पुरावा विरळाच.

परंतु या लेखाचे खरे मोल आमच्या मते त्याच्या शेवटच्या काही ओळींत आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. भास्कराचार्यांच्या कुळाची थोरवी, त्यांची विद्वत्ता, मठाचा हेतू हे सर्व गीर्वाणवाणीत वर्णिले आहे. पुढे मठाच्या निर्वाहासाठी कोणी काय द्यावयाचे हा विषय येताच लेखाची भाषा एकाएकी बदलते, आणि त्या काळची मराठी सुरू होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठास द्यावा, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी घाण्यामागे एकेक पळी तेल मठास द्यावे, अशी ती व्यवस्था आहे.

भाषा येथेच का बदलली, हे उघड आहे. देणाऱ्यास काय द्यावयाचे ते कळले पाहिजे, म्हणून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे लागले. त्या तेलाच्या उजेडात मठात काय शिकविले जात होते, हे मात्र त्याच्या भाषेत कोणी लिहिले नाही. घाणा चालविणाऱ्याने पळीभर तेल मोजून दिले, व्यापाऱ्याने आपल्या मालावरील कर दिला. ग्रहण का लागते हे त्यांस त्या मठाने सांगितल्याचा उल्लेख नाही. यात कोणास दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. शास्त्र संस्कृतात लिहावे हीच त्या काळची सर्वत्र रीत होती. तथापि हे ऋण तेव्हापासून शिल्लक राहिले, आणि ते फेडण्यास पुढे सुमारे सात शतके लागली.

नांदगावचे गणेश दैवज्ञ

ही विद्या सुलभ करण्याचा एक मोठा प्रयत्न कोकणात झाला. समुद्रकाठच्या नांदगाव येथील केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हे दोघेही स्वतः आकाशाचे वेध घेणारे ज्योतिर्विद होते. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत असे दिसताच त्यांनी ग्रंथ बाजूस ठेवून आकाशाचा कौल मानला. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभवर्ष धरून गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला.

या ग्रंथाने काय साधले हे आजच्या वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. पूर्वी कोणत्याही दिवसाचे ग्रह काढावयाचे तर कलियुगाच्या आरंभापासून किती दिवस लोटले ही संख्या घ्यावी लागे. गणेश दैवज्ञांच्या काळी ती सोळा लाखांच्या वर गेली होती. अशा संख्येचे गुणाकार-भागाकार धूळपाटीवर करताना चूक होणे अगदी स्वाभाविक. गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे, एक चक्र कल्पिले. त्यामुळे गणित करणाऱ्यास कधीही चार अंकांहून मोठ्या दिवससंख्येस हात घालण्याचे कारण उरले नाही. शिवाय ज्या ज्या ठिकाणी ज्याचापांची, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमितीची, कोष्टके लागत, ती सर्व त्यांनी टाळून सोप्या गुणाकार-भागाकारांनी काम भागविले. खेडेगावच्या जोश्यालाही पंचांग करता येऊ लागले. महाराष्ट्रात आणि लगतच्या प्रांतांत ग्रहलाघवाचा प्रसार इतका झाला की पुढे तीनशेहून अधिक वर्षे पंचांगे त्यावरूनच होत राहिली.

गुढीपाडव्यास गावजोशी नवे पंचांग वाचून दाखवी आणि घरधनी ते श्रवण करी, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. विद्येचा एक अंश याप्रमाणे घरोघर पोहोचत होता यात शंका नाही. मात्र गृहस्थाच्या वाट्यास आले ते गणिताचे उत्तर; गणित नव्हे, आणि आकाश तर नव्हेच. पुढे जोशीही आकाश पाहीनासा झाला. ज्या ग्रंथकाराने आकाश पाहून ग्रंथ सुधारला, त्याच्याच ग्रंथाकडे पाहून लोकांनी आकाश पाहणे सोडले, ही या इतिहासातील मोठी खेदाची गोष्ट होय. कालांतराने ग्रहलाघवी गणितात आणि प्रत्यक्ष ग्रहस्थितीत अंतर पडत गेले. परंतु ते दाखवून देण्यास नवा गणेश दैवज्ञ लवकर झाला नाही.

लोकांचे स्वतःचे आकाश

शास्त्र ग्रंथांत बंद होते म्हणून सामान्य लोक आकाशाविषयी अज्ञ होते, असे मात्र कोणी समजू नये. मृग निघाला, आर्द्रा लागल्या, हस्ताचा पाऊस पडला, ही शेतकऱ्याची भाषा म्हणजे सूर्याच्या नक्षत्रभ्रमणाचीच भाषा आहे. सूर्याच्या वाटेचे सत्तावीस भाग केले, तर एकेक भाग चालण्यास त्यास साडेतेरा दिवस लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो मृगात येतो आणि पेरणीचे दिवस सुरू होतात. गंमत अशी की, ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते त्या दिवसांत मृगाचे तारे मुळीच दिसत नाहीत, कारण सूर्यच त्यांच्या जवळ असतो. मृग पाहावयाचा तर डिसेंबर-जानेवारीत सायंकाळी पूर्वेकडे दृष्टी टाकावी.

कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. ती दर तिथीस सुमारे दोन घटका पुढे जाते. विदर्भातील गोंड समाजात सप्तर्षींच्या चार ताऱ्यांस खाट मानतात आणि उरलेल्या तिघांस ती पळविण्यास आलेले चोर समजतात. मृगाच्या ताऱ्यांत त्यांस नांगर दिसतो. ऋषींच्या जागी खाट आणि हरणाच्या जागी नांगर आला म्हणून हे ज्ञान कमी प्रतीचे ठरत नाही. तारे तेच आहेत, आणि ते ओळखणारी दृष्टीही तितकीच तीक्ष्ण आहे. उणीव एवढीच होती की एका बाजूस दृष्टी होती, दुसऱ्या बाजूस शास्त्र होते, आणि दोहोंमध्ये पूल नव्हता.

मराठी ग्रंथांचा उदय

हा पूल बांधण्याचे काम एकोणिसाव्या शतकात मराठी भाषेने केले. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईत कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. ‘दर्पण’कर्ते आचार्य बाळशास्त्री जांभेकर हे काही काळ तेथील कामाचे प्रमुख होते. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय मराठी वाचकांपुढे येऊ लागले. त्याच वेधशाळेत तरुणपणी काम केलेले प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली ग्रहगणिताची साधने मराठीत आणणारा हा ग्रंथ होय. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने त्यांनी आकाशाशी जुळणारे पंचांग काढण्यास आरंभ केला. तेच पुढे पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले गेले. लोकमान्य टिळक हे या छत्र्यांचेच शिष्य. मृग नक्षत्रातील वसंतसंपातावरून वेदांचा काळ ठरविणारा ‘ओरायन’ हा टिळकांचा १८९३ मधील ग्रंथ सर्वश्रुत आहे.

छत्र्यांचा ग्रंथ झाला तरी गणित जाणणाऱ्यासाठी होता. ज्याला गणित येत नाही, ज्याच्यापाशी दुर्बीण नाही, जो दिवसभराचे काम आटोपून ओटीवर बसला आहे, त्याच्याशी बोलणारा मनुष्य अजून यावयाचा होता.

एक मराठी शिक्षक

तो मनुष्य म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. बार्शी, ठाणे, धुळे अशा ठिकाणी नोकरी करून अखेरीस त्याच ट्रेनिंग कॉलेजात अध्यापक म्हणून परत आले. विद्यापीठाची पदवी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. शाळामास्तरांच्या पगारात संसार करून, बदल्यांच्या धावपळीत त्यांनी जे कार्य केले ते पाहून आजही मन थक्क होते.

१८९२ मध्ये त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले. त्यास त्यांनी जोडनाव दिले, ‘रात्रीची दोन घटका मौज’. या चार शब्दांत केवढा पालट सामावला आहे! सात शतके जी विद्या मठातील अध्ययनाचा, राजदरबाराच्या मानाचा आणि पंचांगकर्त्याच्या व्यवसायाचा विषय होती, तिला हा शिक्षक मौज म्हणतो. आणि तीही दोन घटकांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची. मुलाचा अभ्यास आणि गृहिणीची झाकपाक उरकल्यावर जेवढा वेळ कोणत्याही घरी मिळू शकतो तेवढाच त्यांनी मागितला.

या दोन घटकांत काय पाहता येते याचा हिशेब वाचकांनी अवश्य करून पाहावा. आकाश साठ घटकांत एक फेरा पुरा करते. म्हणून दोन घटकांत ते बारा अंश फिरते. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. अर्थात, घराच्या कौलावर नुकताच आलेला एखादा तारा हेरून ठेवला, तर अठ्ठेचाळीस मिनिटांत तो मुठीहून थोडा अधिक सरकलेला दिसतो. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेले वाक्य तेवढ्या वेळात डोळ्यांनी अनुभवता येते.

दुसराही एक योग पाहण्यासारखा आहे. सूर्य आणि चंद्र यांमधील अंतर बारा अंशांनी वाढले म्हणजे एक तिथी होते. म्हणूनच चंद्रोदय दर दिवशी सरासरीने सुमारे दोन घटका उशिरा होतो. पौर्णिमेस चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो; त्यानंतर चौथ्या तिथीस, म्हणजे संकष्टीस, तो सुमारे आठ घटकांनी, तीन तासांहून थोड्या अधिक अवधीने उगवतो. ऋतुमानाप्रमाणे यात कमीजास्त होते, परंतु मूळ हिशेब हाच. आपल्या घरांतून कितीतरी माउल्या दरमहा चंद्रोदयाची वाट पाहत उपाशी बसतात. त्या वेळेमागील हे कारण त्यांस कोणी सांगितले असते तर व्रताचे महत्त्व उणे झाले नसते, आणि वाट पाहण्यास निराळाच रंग चढला असता.

दीक्षित केवळ लोकप्रिय लेखक नव्हते. गुप्त राजांच्या कोरीव लेखांचे संपादक डॉ. फ्लीट यांस तिथिवारांचे गणित त्यांनी करून दिले. रॉबर्ट सिवेल यांच्यासह त्यांनी रचलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये लंडनमध्ये निघाला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा जो उल्लेख आहे, त्यावरून तो काळ ख्रिस्तपूर्व ३००० च्या सुमाराचा असावा असे अनुमान त्यांनी काढले. त्यावर विद्वानांत अद्यापि वाद असला तरी अनुमानाची पद्धती तारे पाहणाऱ्याची आहे, हे कोणीही मान्य करील. आणि १८९६ मध्येच त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या ज्योतिर्विदांचा व ग्रंथांचा सांगोपांग इतिहास त्यांनी लिहिला, आणि तो मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहिला असता तर कीर्ती लवकर मिळाली असती. १९५७ मध्ये त्याचे हिंदी भाषांतर झाले, आणि इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग १९६९ मध्ये व दुसरा १९८१ मध्ये निघाला. पाटणच्या शिलालेखात मराठी घाण्याच्या तेलापाशी थांबली होती. दीक्षितांनी तिला थेट भास्कराचार्यांच्या आसनापर्यंत नेले. १८९८ मध्ये अवघ्या चव्वेचाळीस वर्षांच्या वयात ते निवर्तले.

ग्रहण आणि दुर्बीण

दीक्षितांच्या निधनापूर्वी तीनच महिने, २२ जानेवारी १८९८ रोजी, महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. या ग्रहणासंबंधी एक गैरसमज फार पसरलेला असल्याने तो येथे दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहून हेलियम वायूचा शोध लावला, असे सांगितले जाते. वास्तविक १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्येच होते, आणि सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी तेथूनच अभ्यासिली. विजयदुर्गास ते आले ते १८९८ मध्ये; त्या वेळी नौदलाच्या जहाजावरील अधिकारी व खलाशी यांस शिकवून त्यांनी वेधाच्या कामी लावले. गावाचा अभिमान अवश्य असावा, पण सालही खरे असावे. शिवाय साध्या खलाशांस थोड्या दिवसांत वेध घेण्यास शिकविता येते, ही विजयदुर्गची खरी हकीकतही कमी अभिमानाची नाही.

त्याच ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी घेतले. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्यास जी वेधशाळा स्थापन झाली, तिचे ते प्रमुख होते. तेथील वीस इंच व्यासाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. दान देणारा गुजराती संस्थानिक, काम करणारा पारशी पंडित, आणि स्थळ पुणे! परंतु हे कार्य एका माणसावर अवलंबून राहिले. १९१२ मध्ये नायगमवाला सेवानिवृत्त होताच वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली.

यातून घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. मोठी दुर्बीण गेली आणि दीक्षितांचे छोटे पुस्तक राहिले. दुर्बीण कमी मोलाची होती असे नव्हे. तिच्याभोवती ती सांभाळणारा समाज तयार झाला नव्हता. विद्या थोड्यांच्या हाती राहिली म्हणजे ती थोड्यांबरोबरच संपते.

संस्था उभ्या राहिल्या

विसाव्या शतकात ही उणीव हळूहळू भरून निघाली. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था समजली जाते. कोणी नोकरदार, कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी अशा मंडळींनी ती चालविली. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण उभे राहिले. देशातील अगदी पहिल्या तारांगणांत त्याची गणना होते, आणि ते एका शाळेत निघाले हे विशेष. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळी येथे १९७७ मध्ये नेहरू तारांगण सुरू झाले.

या परंपरेचे आपल्या काळातील सर्वांत थोर पाईक म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या जगन्मान्य शास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि बक्षीस मिळविले. नावाचे वजन न घालता मराठी वाचकापुढे जाण्याची ही वृत्ती दीक्षितांच्याच कुळीची आहे. १९८८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते पहिले संचालक झाले, आणि तेथे शाळकरी मुलांसाठी द्वार उघडे ठेवण्याचा त्यांनी कटाक्षाने पायंडा पाडला. ‘आकाशाशी जडले नाते’ हे त्यांचे पुस्तक अनेक मराठी घरांत आहे. २० मे २०२५ रोजी ते दिवंगत झाले. नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ती पाहण्यास दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आसपासच्या गावांतून शेतकरी आणि त्यांची मुले येतात. पाटणच्या तेल देणाऱ्यांचे वंशज अखेर मठाच्या आत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

आपले कर्तव्य

आता एक नवे संकट उभे राहिले आहे. कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागेस हलवावी लागली होती. तेव्हा विजेने चुंबकसूचीस शहराबाहेर घालविले. सांप्रत तीच वीज ताऱ्यांस घालवीत आहे. मुंबई-पुण्यातील आपल्या नातवंडांपैकी किती जणांनी आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी पाहिला असेल? दीक्षितांच्या वाचकापाशी आकाश होते आणि पुस्तक नव्हते. आमच्या मुलांपाशी पुस्तके उदंड आहेत आणि आकाश उरलेले नाही. विद्या पुन्हा एकदा डोळ्यांपासून तुटण्याची ही वेळ आहे, आणि हे तुटणे कसे महाग पडते हे ग्रहलाघवाच्या इतिहासाने आपणांस दाखविले आहे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. आपल्या मंडळाने वर्षातून एक अमावास्येची रात्र, पावसाळा संपल्यावर, गावाकडील एखाद्या मोकळ्या माळावर सर्व वयांच्या सभासदांसाठी योजावी, अशी आमची नम्र सूचना आहे. आरंभास दुर्बिणीचीही गरज नाही. उत्तरेकडे तोंड करून क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर पाहिले म्हणजे महाराष्ट्रातून ध्रुवतारा सापडतो. गोव्यातील सभासदांस तो दीड मुठीवरच मिळेल, कारण ज्या गावाचे अक्षांश जितके, तितकाच तेथे ध्रुव वर असतो. मृगाच्या तीन ताऱ्यांची रेषा खाली वाढवीत गेले की तेजस्वी व्याध भेटतो. त्याचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास साडेआठ वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. म्हणजे सोबत असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलास सांगावे की, बाळ, तुझ्या जन्माच्या सुमारास तेथून निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत शिरत आहे. शरद ऋतूत काळोख चांगला असेल तर देवयानीतील अंधूक ठिपकाही दिसतो. तो तारा नसून आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका आहे, आणि तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. साध्या डोळ्यांस याहून फारसे दूरचे काही दिसत नाही.

अशा मेळाव्यास शेजारच्या वस्तीतील मुलांसही आवर्जून बोलवावे. आपल्या ज्ञातीत पूर्वी कोणी ज्योतिर्विद होऊन गेला काय, असा प्रश्न आम्हांस काही सभासदांनी केला होता. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापेक्षा आपल्या ज्ञातीतील किती घरांत आज सप्तर्षी ओळखणारे मूल आहे, हे मोजणे अधिक उपयोगाचे होईल असे आम्हांस वाटते. नांदगावचे दैवज्ञ, मुरूडचे शिक्षक, पुण्याचे पारशी प्राध्यापक, भावनगरचे महाराज आणि पाटणचे ते अनाम घाणेवाले यांच्या पंक्तीस बसण्याचा मान कोणत्याही एका ज्ञातीस मागून मिळत नाही; जो दुसऱ्यास तारा दाखवितो त्यास तो आपोआप मिळतो.

दीक्षितांनी मराठी माणसापाशी दोन घटका मागितल्या होत्या. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत आपल्या सभासद कुटुंबांनी त्या दिल्याचा वृत्तांत छापण्याचा योग यावा, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही हा लेख पुरा करतो.